शूटिंगची गाडी शिरवळला का थांबत नाही

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याजवळ नीरा ओलांडायची आणि शिरवळ लागतं. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्ह्यातला भोर तालुका, पलीकडे सातारा जिल्ह्यातला खंडाळा. दोन्हीकडची माती तीच, पाऊस तोच, भाषाही तीच. नदीमुळे फरक पडतो तो सरकारी कागदावर. महाराष्ट्रात उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ साली सुरू झाली. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात दाटलेले कारखाने बाहेर पसरावेत, हा तिचा हेतू. त्यासाठी तालुक्यांची वर्गवारी झाली. विकसित भागाला काही नाही, मागासाला जास्त. विक्रीकरात सूट, पुढे करभरणा लांबणीवर टाकण्याची मुभा, त्यानंतर परतावा, असं योजनेचं रूप दर काही वर्षांनी बदलत गेलं. गणित मात्र तेच राहिलं. तुम्ही आमच्याकडे या, आम्ही कर सोडतो.

आणि कारखाने आले. गोदरेजचे फ्रीज शिरवळला बनू लागले. एशियन पेंट्सचा वर्षाला ३ लाख किलोलिटर रंग बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना २०१३ मध्ये खंडाळ्यात सुरू झाला. आज या पट्ट्यात पाळी सुटायच्या वेळेला महामार्गाच्या कडेला उभं राहिलं, तर सवलतींनी काय होतं याचं उत्तर डोळ्यांना दिसतं असं वाटेल.

तिथेच जरा थांबायला हवं. कारखाने सवलतीमुळे आले, की पुणे तासाभरावर आहे म्हणून? की मुंबई-बंगळूर महामार्ग दारातून जातो म्हणून, नीरेचं पाणी आहे म्हणून, पुण्यापेक्षा जमीन स्वस्त होती म्हणून? उद्योजकाला विचाराल तर तो सगळंच सांगेल, आणि सवलत मागायच्या अर्जात सवलतीचंच नाव पहिलं घालेल. तो खोटं बोलतो असं नाही. पण सवलत नसती तर तो आला असता का, हे त्याच्या अर्जावरून कळत नाही. सवलतींच्या सगळ्या अर्थशास्त्राचं घोडं याच एका प्रश्नापाशी अडतं. उद्योगांच्या बाबतीत ते थोडं अडतं. सिनेमा आणि मालिकांच्या बाबतीत पार रुतून बसतं.

शिरवळच्या याच रस्त्यावरून पहाटे आणखी एक वाहतूक जाते. जनरेटरची गाडी, लाइटचा ट्रक, दोन-तीन व्हॅनिटी, आर्ट डिपार्टमेंटच्या सामानाचा टेम्पो. चहाला थांबल्या तर थांबल्या. पुढे खंबाटकीचा घाट चढायचा, उतरायचा आणि सुरूर फाट्यावरून वाईला वळायचं. मुंबईच्या सिनेमाला वाई गेली तीसेक वर्षं घरची झाली आहे. या गाड्या इथे याव्यात म्हणून हिंदी निर्मात्याला सरकारने काही दिलं होतं का? वाईची ख्याती झाली त्या काळात तरी नाही. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पण वाईला पोचण्याआधी शंभर-पावणेदोनशे वर्षं मागे जाऊन येऊ, कारण पाहुण्याला पैसे देऊन बोलावण्याची रीत या मुलखाला नवी नाही.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातल्या मंडळींचे खेळ पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो त्या प्रयोगाच्या आठवणीने. कपडे, दागिने, माणसं, त्यांचा शिधा, सगळा खर्च दरबाराचा. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तो हात आखडला. भाव्यांनी आपली मंडळी घेऊन गाव सोडलं, मजल दरमजल करत १८५३ मध्ये मुंबई गाठली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाच्या दृष्टीने याहून चांगलं काही घडलं नसतं. प्रेक्षकाच्या पैशावर जगणारा धंदा तिथून सुरू झाला. सांगलीच्या बाजारपेठेच्या दृष्टीने पाहिलं तर मात्र खर्च दरबाराने केला आणि तिकिटं मुंबईत विकली गेली.

दुसरी गोष्ट त्याच जिल्ह्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि कर्जाची सोय करून दिली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. औंध संस्थान विलीन झालं, पंतप्रतिनिधी गेले, आणि किर्लोस्करवाडीत पंप बनतच राहिले. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

दोन राजे, दोघेही रसिक, दोघांनीही खिशात हात घातला. फरक घेणाऱ्यात होता. ओतशाळा खांद्यावर टाकून नेता येत नाही, नाटक कंपनी बैलगाडीत बसते. सिनेमाचं युनिट तर चाकांवरच जन्माला येतं. म्हणून कारखान्यासाठी आखलेली सवलत जशीच्या तशी सिनेमाला लावली की ती फसण्याचा धोका मोठा.

आता वाई. प्रकाश झा यांनी बिहारच्या कथा सांगितल्या आणि त्या चित्रित केल्या कृष्णाकाठी. 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) मधला बिहार पुष्कळसा साताऱ्यातला आहे. 'स्वदेस'चं (२००४) चरणपूर म्हणजे नाना फडणविसांच्या वाड्याशेजारचा मेणवलीचा घाट. 'इश्किया'चा आणि 'दबंग'चा (दोन्ही २०१०) उत्तर प्रदेश वाई परिसरात सापडला. गणपतराव रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेला ढोल्या गणपती आणि त्यापुढचा घाट कॅमेऱ्यात गंगेचा घाट म्हणून सहज खपतो. वाडे शाबूत, उसाचे मळे हाताशी, पाचगणी-महाबळेश्वरची राहायची सोय जवळ. मुंबईचा नट रात्री निघून सकाळी मेकअपला बसू शकतो. शिवाय त्या काळात बिहार-उत्तर प्रदेशात मोठं युनिट न्यायला निर्माते धजत नव्हते. वसुलीची भीती, गर्दीची भीती. कायदा-सुव्यवस्था, रस्ता आणि मुंबईची जवळीक, या तीन गोष्टींनी वाईला जे मिळवून दिलं ते कुठल्या शासन निर्णयाने दिलं नव्हतं.

मग उत्तर प्रदेश जागा झाला. तिथल्या फिल्म बंधू या संस्थेमार्फत अनुदान मिळू लागलं. चित्रीकरणाचे निदान निम्मे दिवस राज्यात केले तर १ कोटीपर्यंत, दोन-तृतीयांश केले तर २ कोटींपर्यंत, स्थानिक कलाकार घेतले तर वर आणखी. 'आर्टिकल १५'चा उत्तर प्रदेश खरोखरचा उत्तर प्रदेश होता, 'गुलाबो सिताबो'चं लखनौ खरोखरचं लखनौ होतं. बिहारनेही २०२४ मध्ये आपलं धोरण आणलं. ज्यांचं गाव वाईने भाड्याने उभं केलं होतं, त्यांनी ते परत मागितलं. त्यात वाईने तक्रार करण्यासारखं काही नाही.

पण यावरून 'अनुदान दिलं की सिनेमा येतो' असा निष्कर्ष काढण्याआधी झांचाच पुढचा प्रवास पाहा. वाईनंतर ते भोपाळला गेले. 'राजनीति' २०१० ची. 'आरक्षण' आणि 'सत्याग्रह'ही तिथलेच. मध्य प्रदेशाचं चित्रपट पर्यटन धोरण आलं २०२० मध्ये. म्हणजे दिग्दर्शक आधी गेला, अनुदान दहा वर्षांनी आलं. धोरण आल्यावर जे सिनेमे तिथे झाले, त्यातले किती तसेही झाले असते? सरकारी अहवालात या रकान्याला जागा नसते. आलेला प्रत्येक सिनेमा धोरणाच्या खात्यावर जमा होतो.

हा रकाना कोरा सोडला तर गणित किती बदलतं, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, महाराष्ट्राने ठरवलं की वाई-खंडाळ्यात होणाऱ्या खर्चाच्या २५ टक्के परत द्यायचे. वर्षात चार सिनेमे आले, प्रत्येकाने १ कोट खर्चला. सरकारचे गेले १ कोट. मंत्री म्हणणार, १ कोटीत ४ कोटींचा व्यवसाय आणला. पण त्यातले तीन सिनेमे घाटासाठी आणि रस्त्यासाठी एरवीही आलेच असते, तर अनुदानाने आलेला खर्च एकाच सिनेमाचा, म्हणजे १ कोट. सरकारने १ कोट देऊन १ कोट आणले. आणि तो कोटही सगळा इथे राहत नाही. कॅमेरा भाड्याने आला अंधेरीतून, लाइट गोरेगावातून, जनरेटरचा ऑपरेटर त्याच्या गाडीबरोबर. तो इथे जेवला आणि झोपला, पगार मात्र घरी घेऊन गेला.

करातून वसूल होईल, असं कुणी म्हणेल. खर्चलेल्या कोटीवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागला असं धरलं, तरी राज्याचा वाटा ९ टक्के, म्हणजे ९ लाख. २५ दिले, ९ आले. खरं तर तेवढेही येत नाहीत. शेतकऱ्याने बैलजोडी दिली, म्हातारीने घराची ओसरी दिली, गर्दीत चाळीस माणसं उभी राहिली, त्यांच्या पैशावर जीएसटी नाही. आणि ज्या बिलांवर आहे, त्यांतल्या बहुतेकांचा कर निर्माता पुढे आपल्या देय करातून वजा करून घेतो. तेव्हा चित्रीकरणाचं अनुदान स्वतःचा खर्च स्वतः भरून काढतं, हे म्हणणं सोडून द्यावं. तो खर्च आहे. रस्त्यावर करतो, शाळेवर करतो, तसा. करायचा असेल तर खर्च म्हणून करावा आणि त्याचं काय मिळालं ते विचारावं.

अमेरिकेत हा प्रयोग वीस वर्षांहून जास्त चाललाय, आणि तिथे आकडे मोजायची सवय असल्याने त्याचे निकाल हाताशी आहेत. लुइझियानाने २००२ मध्ये मोठी करसवलत आणली, मग राज्याराज्यांत चढाओढ लागली. मिशिगनने २००८ मध्ये खर्चाच्या ४२ टक्क्यांपर्यंत परत द्यायचं ठरवलं आणि २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. मोटारीचे कारखाने बंद पडलेल्या राज्याला सिनेमा वाचवील, ही आशा होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले मायकेल थॉम यांनी अनेक राज्यांच्या योजना एकत्र तपासल्या. रोजगारावर आणि सिनेउद्योगातल्या वाट्यावर परिणाम नगण्य किंवा तात्पुरता, असं त्यांना दिसलं. जॉर्जियाचं उदाहरण मात्र उलट बाजूने देतात. २००८ पासून ३० टक्क्यांपर्यंत सवलत, त्यातले १० टक्के शेवटी राज्याचं पीच फळाचं बोधचिन्ह दाखवल्याबद्दल. अटलांटाच्या आसपास खरोखरीचे स्टुडिओ उभे राहिले, सुतार-रंगारी-वीजतंत्री तिथे राहायला आले. किंमत? राज्याच्या तिजोरीला वर्षाला १ अब्ज डॉलरच्या वर. आणि तरीही मार्व्हलचे सिनेमे लंडनकडे वळायचे ते वळलेच.

एकदा सवय लागली की पाहुणा काय भाषा बोलतो, तेही मासलेवाईक आहे. 'हाउस ऑफ कार्ड्स' ही मालिका मेरीलँडमध्ये बनत होती. २०१४ मध्ये निर्मिती संस्थेने गव्हर्नरला पत्र लिहून कळवलं की सवलत वाढली नाही तर आम्ही सेट मोडून दुसऱ्या राज्यात जाऊ. न्यूझीलंडने 'हॉबिट'साठी २०१० मध्ये कामगार कायदाच बदलला. अ‍ॅमेझॉनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या मालिकेचा पहिला सीझन तिथे केला आणि २०२१ मध्ये पुढचं काम ब्रिटनला हलवलं. भारतही या बाजारात उतरलाच आहे. परदेशी चित्रपटांना खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि ३० कोटींपर्यंत परतावा देण्याची घोषणा २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात झाली. आदल्या वर्षीची मर्यादा होती अडीच कोटींच्या आत. हे लिलावाचं लक्षण आहे, आणि लिलावात बोली चढतच जाते.

आपल्याकडे युनिट किती चटकन हलतं याचा दाखला २०२१ ने दिला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत १४ एप्रिलपासून महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं. रोज भाग दाखवायचा असल्याने मालिकांना थांबता येत नव्हतं. काही दिवसांतच मराठी-हिंदी मालिकांची युनिट्स गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादकडे गेली. कथेत एकाएकी सगळं कुटुंब सहलीला निघालं. मे महिन्यात गोव्यातही विरोध झाला, परवानग्या रद्द झाल्या आणि पुन्हा सामान बांधलं गेलं. मालिकेला गाव लागतं, पण ठरावीकच गाव लागतं असं नाही, हे त्या महिन्यात लख्ख दिसलं.

असं सगळं असूनही मी सरसकट 'अनुदान नको' म्हणणार नाही. कारण साताऱ्यात गेल्या काही वर्षांत सिनेमापेक्षा वेगळी गोष्ट घडली आहे, ती म्हणजे मालिका. 'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ साताऱ्याच्या परिसरात चालली. मग 'देवमाणूस'. हिंदी सिनेमा बारा-पंधरा दिवसांचं शेड्यूल करतो आणि जातो. चांगली चाललेली मालिका दीड-दोन वर्षं मुक्काम ठोकते.

त्या मुक्कामाचा एक दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. सकाळी सातचा कॉल टाइम. त्याआधी कुणीतरी पोहे-उपमा आणि चहाचे थर्मास पोचवलेले असतात. तो केटरर बहुधा जवळपासचाच, कारण रोज मुंबईहून जेवण आणणं परवडत नाही. वाड्याच्या मालकाला महिन्याचं भाडं. शेजारच्याला त्याच्या अंगणात व्हॅनिटी लावू दिल्याचे पैसे. आर्टवाल्यांना गोवऱ्या हव्यात, कडब्याची पेंढी हवी, कालच्या सीनमध्ये होती तीच शेळी आजही हवी. शेळीला कंटिन्युइटी असते हे गावाला पहिल्यांदा कळतं आणि शेळीवाला दर वाढवतो. मंडपवाल्याच्या पन्नास खुर्च्या तिथेच पडून असतात, त्याला रोजचं भाडं मिळतं. कलाकारांना आणणारी-नेणारी गाडी साताऱ्यातल्या कुणा तरुणाची, हप्ता त्यावर फिटतो. महिन्याभरात दोन पोरं स्पॉटदादांच्या हाताखाली कामाला लागतात. सहा महिन्यांत त्यातलं एक लाइटच्या तारा ओढू लागतं, वर्षभरात कुठला लाइट कुठे लावायचा हे त्याला न सांगता कळू लागतं. मालिका संपते तेव्हा भाडं थांबतं, शेळी कळपात परत जाते. त्या पोराच्या हातात मात्र काहीतरी उरलेलं असतं. पुढची मालिका आली की त्याला फोन येतो.

याची दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण चालू होतं, तेव्हा तो वाडा पाहायला माणसांच्या झुंडी यायच्या. गाड्या लावायला जागा नाही, कचरा जागोजागी. पैसे मिळाले वाड्याच्या मालकाला, त्रास झाला गल्लीला. प्रश्न ग्रामपंचायतीपर्यंत गेला. करोनाच्या काळात हेच अधिक गंभीर झालं. 'आई माझी काळूबाई' या मालिकेच्या सातारा जिल्ह्यातल्या चित्रीकरणात संसर्ग पसरला आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं साताऱ्यात निधन झालं. स्थानिक फायद्याचा हिशेब मांडणारे बहुतेक अहवाल जमा बाजूला थांबतात. खर्च गल्लीच्या नावावर पडतो आणि गल्लीचं बँक खातं नसतं.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव मराठी चित्रपटांच्या अनुदानाचा आहे, आणि तो बोलका आहे. १९७० च्या दशकात करमणूक कराच्या परताव्याची योजना आली. तिकिटामागे गोळा झालेला कर निर्मात्याला पुढच्या मराठी चित्रपटासाठी परत मिळायचा. मला ती योजना अजूनही हुशारीची वाटते. चित्रपट चालला तरच कर जमणार, आणि पुढचा चित्रपट काढला तरच तो मिळणार. प्रेक्षकाने पसंतीची पावती दिल्याशिवाय सरकारचा पैसा हलत नव्हता. पुढे तिची जागा थेट अनुदानाने घेतली. समिती चित्रपट पाहते, गुण देते. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख असे दर ठरले. त्यातून चांगले चित्रपट तगले हे खरं, आणि थिएटरचं तोंडही धड न पाहिलेले चित्रपट केवळ अनुदानावर डोळा ठेवून निघाले हेही या धंद्यातलं कुणीही सांगेल. पण ते अनुदान भाषेसाठी होतं. मराठीत चित्रपट निघत राहावेत म्हणून समाजाने दिलेली ती वर्गणी. तिला रोजगारनिर्मितीचा मुखवटा घालायची गरज नव्हती, आणि बराच काळ कुणी तो घातलाही नाही. 'स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना' हा शब्दप्रयोग अलीकडचा.

मग इमारत बांधून द्यावी का? शूटिंग हलतं, पण चित्रनगरी हलत नाही, हा मुद्दा वरवर बिनतोड आहे. कोल्हापूरला तो करून पाहिला गेला. मोरेवाडीच्या माळावर १९८० च्या दशकात चित्रनगरी उभी राहिली आणि बरीच वर्षं ओस पडली. अलीकडे डागडुजी झाली, मालिका येऊ लागल्या. गंमत अशी की कोल्हापूरला सिनेमाची राजधानी करणारी पिढी सरकारी चित्रनगरीत घडली नव्हती. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडदे रंगवत, कॅमेरा जुळवत ती घडली. त्यातून दामले, फत्तेलाल, शांताराम निघाले, १९२९ मध्ये प्रभात निघाली, आणि १९३३ मध्ये प्रभात पुण्याला निघून गेली. कंपनी गेली तरी कोल्हापुरात सिनेमा बनत राहिला. कारागीर शहरात होते, भालजी पेंढारकरांसारखा माणूस त्यांना धरून होता. दरबाराचा आश्रयही तिथे होता, पण नुसत्या आश्रयाने काम भागलं असतं तर प्रत्येक संस्थानात एक प्रभात निघाली असती.

आता शिरवळकडे परत येऊ. कारण वाईचा घाट वाईपाशी आहे, पण युनिटला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टींना घाट लागत नाही. जनरेटर, लाइट, ट्रॉलीचे रूळ, सेटच्या फळ्या ठेवायला गोदाम लागतं, जड गाडी वळवायला जागा लागते, बिघडलेलं दुरुस्त करायला माणूस लागतो. हे सगळं औद्योगिक पट्ट्यात असतं. शिरवळ पुण्याला जवळ, वाई-सातारा-फलटणलाही जवळ. तरीही सामान येतं मुंबईहून, दोन घाट ओलांडून, आणि संपलं की तिथेच परत जातं. उद्या सरकारने २५ टक्के परतावा जाहीर केला तर काय होईल? सामान मुंबईहूनच येईल, बिल वाईच्या पत्त्यावर फाडलं जाईल. कागदावर स्थानिक खर्च वाढेल. असली बिलं तपासायला चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला मागतात. तो दाखला रकमेचा असतो, जनरेटर कुठे मुक्कामी असतो त्याचा नसतो.

सवलत द्यायचीच तर ती मुक्कामाला द्यावी, असं मला वाटतं. किती खर्च केला यापेक्षा किती स्थानिक माणसांना किती दिवस हजेरीवर घेतलं, त्यातली किती गर्दीत उभी होती आणि किती कामावर होती, यावर. उत्तर प्रदेशाने चित्रीकरणाचे दिवस मोजले, ते बजेट मोजण्यापेक्षा बरं. सलग वर्षभर चालणाऱ्या मालिकेला पंधरा दिवसांच्या हिंदी सिनेमापेक्षा जास्त द्यावं. ग्रामपंचायतीचा वाटा आधी ठरवून टाकावा, म्हणजे गल्लीचं खातं उघडेल. हे सगळं करूनही एक अडसर उरतो, आणि तो कराचा नाहीच.

तो आहे कार्डाचा. मुंबईच्या सिनेधंद्यात लाइटवाला, मेकअपवाला, ड्रेसवाला, सेटवरचा सुतार, प्रत्येकाची वेगळी संघटना, आणि त्या सगळ्यांचा मिळून महासंघ. कार्ड असलेल्यालाच काम, ही रूढी. कामगारांना त्याने संरक्षण दिलं, हे मान्यच करायला हवं. चोवीस-चोवीस तास राबवून पैसे बुडवणाऱ्या निर्मात्यांशी एकटा लाइटवाला काय लढणार होता? पण त्याच रूढीने शिरवळच्या कारखान्यात पॅनेल जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला सेटबाहेर ठेवलं. विपुल शहा या निर्मात्याच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये निकाल देताना, फक्त सभासदांनाच काम देण्याची सक्ती स्पर्धेला मारक ठरवली. निकाल कागदावर आहे, सेटवर रूढी चालते. मराठी मालिका गावात मुक्काम करतात तेव्हा ती थोडी सैल पडते, कारण रोज मुंबईहून माणूस आणणं महाग पडतं. वर सांगितलेलं ते पोर तारा ओढायला शिकलं ते या सैलपणातून. कुठल्याही परताव्याच्या फाइलीत त्याचं नाव नाही. साताऱ्यातल्या आणखी दोन-तीन मालिका लागोपाठ चालल्या, तर त्याला लाइट मुंबईहून मागवण्यापेक्षा स्वतःचे चार घेऊन भाड्याने देणं परवडू लागेल, आणि ते ठेवायला त्याला गोदाम लागेल. शिरवळला औद्योगिक गाळे आहेत. भाडं पुण्यापेक्षा कमी आहे.